सिस्टरबाईंचा पियानो आणि तो ‘वा’

माझं सगळं आयुष्य लोकांना ‘जरा गप्प बसा’ म्हणण्यात गेलं. चंद्रपुरात माझं साऊंडचं दुकान होतं. त्याला लागून एक खोली, आणि त्या खोलीत मी चाळीस वर्षं लोकांचे आवाज भरले. आमच्याकडे ‘रेकॉर्डिंग केलं’ असं कोणी म्हणायचं नाही, ‘गाणं भरलं’ म्हणायचे. मी भीमगीतं भरली, भजनं भरली, दंडारीचे खेळ भरले, झाडीपट्टीची नाटकं भरली. एका निवडणुकीत तर एकाच दिवशी तीन उमेदवारांचं ‘प्रचंड बहुमताने निवडून द्या’ भरलं. तिघंही पडले. त्यात माझा दोष नाही, आवाज स्वच्छ होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बटण दाबलं की झालं. अहो, बटण तर मांजरही दाबतं. आमच्या मांजरीने एकदा एक अख्खं भजन पुसून टाकलं होतं. खरं काम असतं ते बटण दाबायच्या आधीचं. पंखा बंद करायचा, मग गायकाला घाम सुटतो. खिडकी लावायची, मग तबलजी चिडतो. भिंतीवरचं घड्याळ उतरवून शेजारच्या खोलीत गादीखाली कोंबायचं. माणसाचा कान सोयीचं तेवढंच ऐकतो. माइकला असली सोय ठाऊक नसते. तो बाहेरून गेलेली लुना पण ऐकतो आणि तबलजीच्या पोटातली गुरगुर पण.

गिऱ्हाइकंही एकेक नग. मूल गावाकडच्या एका भजनी मंडळाचे अध्यक्ष स्वतः गायचे नाहीत, नुसते मागे बसून खोकायचे. मी मेहनत करून तो खोकला काढला, तर कॅसेट परत घेऊन आले. म्हणाले, “माझा खोकला कुठी गेला? गाव मले खोकल्यावरूनच ओळखते. आता मी तिथी होतो हे कोन मानंन?” झक मारून परत खोकला घातला. वेगळा भरून, बरोबर जागेवर बसवून.

मग कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या. मुलाने दुकानात मोबाइलची कव्हरं टांगली, आणि मी घरी बसलो. अशात एका सकाळी फोन आला.

“मेश्रामकाका बोलताय का? मी प्रज्ञा. मी चेलो वाजवते.”

मी म्हटलं, “वाजवा बापा, कोण नाही म्हणतं?”

पोरगी हसली आणि मग सगळं सांगितलं. चेलो म्हणजे मोठ्या अंगाचं व्हायोलिन, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. ती बंगळुरूला ते शिकवायची. तिची मावशी चामोर्शीकडच्या एका गावातल्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर. सगळे तिला सिस्टरबाई म्हणतात. त्या दवाखान्याच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये एक जुना पियानो आहे. सिस्टरबाईंची आई तिथे आया होती, आणि सिस्टरबाई लहान असताना तिथल्या परदेशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना पियानो शिकवला. पुढे सिस्टरबाईंनी ह्या भाचीला पहिले सूर शिकवले. जर्मनीतल्या कोण्या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी चेलो आणि पियानोसाठी लिहिलेली एक रचना आहे, ती दोघींनी मिळून वाजवायची असं दहा वर्षांपासून ठरत होतं.

“आणि आता घाई काऊन?” मी विचारलं.

“मावशीच्या कोपरातली नस दबली आहे. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. रविवारी तिला नागपूरला न्यायचं आहे, ऑपरेशनला. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर हातात कप धरता येईल. पियानोचं काही सांगता येत नाही.”

म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस. पियानो हलवता येत नव्हता, आणि मोठ्या शहरातला कोणी रेकॉर्डिस्ट इतक्या घाईत इकडे यायला तयार नव्हता. मी म्हटलं, “मी येतो.” फोन ठेवल्यावर आठवलं की पियानो मी उभ्या जन्मात कधी भरलेला नाही.

दोन चांगले माइक, वायरीचं भेंडोळं, हेडफोन आणि मुलाचा लॅपटॉप घेऊन मी पोचलो. माझ्या मागोमाग प्रज्ञाची गाडी आली. ड्रायव्हर आणि ती, दोघांनी मिळून एक लांब काळी पेटी खाली उतरवली. दवाखान्याच्या फाटकाशी एक म्हातारी बसली होती. तिने पेटी पाहिली, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि हळूच मला विचारलं, “कोन वारलं, भाऊ?” मी सांगितलं, आई, त्याच्यात बाजा आहे. तिचा विश्वास बसला नाही. पेटी आत जाईपर्यंत तिने हात सोडले नाहीत.

सिस्टरबाई ठेंगण्या, काटक, पांढऱ्या साडीतल्या. बोलणं वॉर्डातल्यासारखंच. “मेश्रामभाऊ, चपला बाहेर. पियानोवर चहा ठेवायचा नाही. घाबरायचं नाही, दुखणार नाही.” शेवटचं वाक्य सवयीने निघालं असावं. पियानोला त्यांनी पेशंटसारखंच सांभाळलेलं. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून खाली एक बल्ब जळता ठेवायच्या. उंदीर येऊ नयेत म्हणून आत कडुनिंबाचा पाला. नागपूरहून आलेला सूर लावणारा माणूस म्हणे तो पाला पाहून अर्धा तास हसत होता, पण उंदीर नव्हता हेही त्याने कबूल केलं.

पहिल्या दिवशी कळलं की खरा वैरी बाहेर आहे. धानाच्या मळणीचे दिवस. हॉलच्या मागच्या बाजूलाच मळणीयंत्र धडधडत होतं. मी जाऊन हात जोडले. मशीनवाला पांडुरंग म्हणाला, “भाऊ, मशीन भाड्याची होय. थांबवता नाई येत.” मी परत आलो. सिस्टरबाई उठल्या, चपला घातल्या आणि धुरळ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

“पांडुरंग, तू उलटा आला होतास. पाय आधी. तेव्हा मी तुझ्यासाठी पाच तास उभी होते. आता तू माझ्यासाठी दोन तास थांब.”

पांडुरंग चाळिशीचा, मिशीवाला माणूस. त्याचे चार मजूर खदखदून हसले. मशीन बंद झाली. निम्मं गाव ह्या बाईच्या हातावर जन्मलेलं, आणि कोण कसं आलं ते त्यांना तोंडपाठ. त्यामुळे त्या तीन दिवसांत कोणाचीही त्यांना नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

मशीन थांबली, तर माकडं. हॉलवर कवेलूचं, म्हणजे कौलाचं छप्पर, आणि त्यावर माकडांचा कळप उड्या मारायचा. ते हाकलायचं काम चौकीदार मडावीकडे दिलं. मडावी आधी जंगलखात्यात रोजंदारीवर होता, फार जबाबदार माणूस. त्याला मी समजावलं, “आत वाजवणं सुरू झालं की बाहेर चिटपाखरू बोललं नाही पाहिजे.” त्याने मान हलवली. आत दोघींनी सुरुवात केली, छान चाललं होतं, दोन मिनिटं झाली, आणि बाहेरून शिट्टी! अशी कर्कश, की हेडफोनमधून माझ्या मेंदूत घुसली. बाहेर धावलो. मडावी गळ्यातली शिट्टी तोंडात धरून उभा.

“अबे, काय करून राह्यला?”

“शांतता करून राह्यलो न, भाऊ! एक बकरी येऊन राह्यली होती.”

“बकरी तर बिचारी गप्प होती,” मी त्याला सांगितलं.

तरी पहिल्या दिवशी काम झालं. रचनेचे तीन भाग. पहिला आणि तिसरा वेगाचे, ते तुकड्या-तुकड्यांत भरता येतात. सिस्टरबाई दोन मिनिटं वाजवायच्या, मग कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बसायच्या. मी तुकडे जोडत गेलो. आमच्या धंद्यात ह्याला काही लाज नाही, कॅसेटींच्या काळात मी एका गायकाची तीन कडवी तीन वेगवेगळ्या महिन्यांतून जोडली आहेत. अडचण मधल्या भागाची होती. तो संथ, आठ-नऊ मिनिटांचा. एकेक सूर वाजतो आणि मग हवेत विरत जातो. तिथे जोड मारला तर लगेच कळतं. प्रज्ञा म्हणाली, हा एका दमातच व्हायला हवा.

शुक्रवारी त्याला हात घातला आणि दिवस वाया गेला. एक तर हॉल घुमत होता, वेगाच्या भागांत ते तितकं जाणवलं नव्हतं. गुळगुळीत फरशी, उंच छप्पर, रिकाम्या भिंती. प्रत्येक सूर चार वेळा परत यायचा. पण त्याहून वाईट म्हणजे पाचव्या मिनिटाला सिस्टरबाईंची करंगळी पडायची. दाबायला जायच्या आणि सूरच निघायचा नाही. तीनदा सुरुवात केली, तीनदा थांबल्या. तिसऱ्यांदा त्यांनी उजवा हात डाव्या हातात घेतला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं. जन्मभर दुसऱ्यांच्या हातांना औषध लावणारी बाई ती. मला फार वाईट वाटलं.

“उद्या एकदाच होईल,” त्या म्हणाल्या. “एकदाच, भाऊ. तुमची तयारी चोख पाहिजे.”

रात्रभर मला त्या घुमण्याचाच घोर. घोंगड्या टांगून पाहिल्या, दवाखान्यातल्या गाद्या उभ्या केल्या, फार फरक नाही. मग आठवलं. नाटकाचा मंडप रिकामा असताना साऊंड तपासला की घुमतो, आणि माणसं भरली की बरोबर होतो. आवाज प्यायला माणसासारखी गादी नाही. शनिवारी सकाळी मी सिस्टरबाईंना म्हटलं, “मले वीस माणसं पाहिजेत. गप्प बसणारी.”

“माणसं मिळतील,” त्या म्हणाल्या. “गप्प बसवायचं तुम्ही पाहा.”

शनिवार चामोर्शीच्या बाजाराचा. गाव रिकामं, मळणी बंद, ट्रॅक्टर बाजाराला गेलेले. ह्यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. बाजार बुडवून बावीस जण आले, त्यात सोळा बाया. सतरंजीवर बसल्या आणि मला घाम फुटला. सोळा बाया म्हणजे बत्तीस मनगटं, आणि काचेच्या बांगड्या! नुसता पदर सारखा केला तरी किणकिण. काढा म्हणण्याची सोय नव्हती. शेवटी सिस्टरबाईंनी कपाटातून बँडेजपट्टीचे रोल काढले आणि सोळाच्या सोळा जणींच्या बांगड्यांवर मनगटभर पट्ट्या गुंडाळल्या. हॉलमध्ये एवढा मोठा अपघात पाहून मडावी दारातच थबकला.

मग मी उभा राहून भाषण ठोकलं. खोकला आला तर आत्ताच खोकून घ्या. शिंक आली तर नाक दाबा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘वा’ म्हणायचं नाही. भजनात म्हणता, कव्वालीत म्हणता, इथे चालणार नाही. ह्या संगीतात दाद मनातल्या मनात द्यायची.

पुढे बसलेल्या कुसुमबाईंनी विचारलं, “मनातली दाद त्याइले कशी ऐकू जाईन?”

मी म्हटलं, “बाई, त्या समजून घेतात.”

“मंग आपन कायले बसलो?”

“गादी म्हणून,” मी म्हटलं. खरं तेच होतं.

सिस्टरबाईंनी हात पाण्यातून काढला, पुसला आणि पियानोवर ठेवला. प्रज्ञाने मान हलवली. सगळ्यांच्या मागे बसून मी बटण दाबलं.

ते कसं होतं हे मला लिहिता येणार नाही. चाळीस वर्षं आवाजात काढली, पण आवाज असा छातीतून आल्यासारखा मी ऐकला नव्हता. चेलो काही विचारायचा आणि पियानो थांबून, विचार करून, थोडकंच उत्तर द्यायचा. पाचवं मिनिट आलं. मी सिस्टरबाईंच्या करंगळीकडे पाहत होतो. ती पडली नाही. सहावं, सातवं. बावीस माणसं दगडासारखी. शेवटाजवळ चेलो एक सूर खूप लांबवतो, त्याच्याखाली पियानो एकच सूर देतो, आणि मग शेवटचे दोन सूर एकट्या पियानोचे. संपलं. मी मनात दहा मोजले, बटण बंद केलं, आणि सगळ्या बायांनी एकदम श्वास सोडला. सिस्टरबाईंचे डोळे भरून आले होते. प्रज्ञा त्यांच्या गळ्यात पडली.

मी हेडफोन घालून ऐकायला बसलो. सगळं स्वच्छ. घुमणं नाही. पाचवं मिनिट, सातवं मिनिट, आणि तो लांब सूर. आणि त्या सुरावर, ऐन शेवटच्या दोन सुरांच्या आधी, पुरुषी, घसघशीत, छातीतून आलेला ‘वा!’

माझं डोकंच फिरलं. “कोण होय तो?” मी ओरडलो. “एवढं सांगून, हात जोडून! कोणी म्हटलं ‘वा’?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कोणी कबूल होईना. प्रत्येक जण म्हणे, मी नाई, पण आवाज आला होता खरा. सिस्टरबाई घाईघाईने परत पियानोशी बसल्या, पण चार सुरांत करंगळी गेली आणि मग शेजारचं बोटही. हात मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर. म्हणजे हाच एक टेक, आणि त्यात हा ‘वा’.

मी तर पेटलो होतो. म्हटलं, चोर पकडल्याशिवाय सोडत नाही. माइक लावला आणि हॉलमधल्या साऱ्या पुरुषांना रांगेत उभं केलं. पांडुरंग, त्याचे चार मजूर, कुसुमबाईंचा नवरा, आणि दारातला मडावी. एकेकाने माइकसमोर ‘वा’ म्हणायचं, मी तो भरलेल्या ‘वा’शी ताडून पाहणार. पांडुरंगाचा ‘वा’ बसका. मजुरांचे चारही किरकोळ. कुसुमबाईंच्या नवऱ्याला लाज वाटून ‘वा’ निघेचना, तिनेच त्याला ढोसलं. मडावीने तर खणखणीत सलाम ठोकून ‘वा’ म्हटलं. एकाचाही जुळेना.

“बाहेरून आला असंन,” पांडुरंग म्हणाला.

प्रज्ञाने माझ्या कानावरचे हेडफोन काढून स्वतः लावले. दोनदा ऐकलं. मग फार हळू, फार आदराने म्हणाली, “काका, तुमचा राहिला ना.”

“माझा कायले? मी तर…”

“म्हणून तर पाहा.”

मी माइकसमोर उभा राहिलो. म्हटलं, “वा.”

पुढचं सांगायची गरज नाही. कुसुमबाई आधी हसल्या, मग त्यांनी बँडेजच्या हातांनी तोंड झाकलं, आणि मग सगळा हॉल. मडावी हसता हसता खाली बसला. चाळीस वर्षं लोकांची तोंडं बंद करणारा मी, आणि माझंच तोंड माझ्या नकळत उघडलं होतं! धरणी दुभंगली असती तर मी वायरीसकट आत गेलो असतो.

मी सिस्टरबाईंपुढे जाऊन हात जोडले. म्हटलं, “बाई, माझ्या हातून घात झाला. मी हे काढतो, काहीही करून काढतो.” पण मला ठाऊक होतं, नाही निघणार. तो ‘वा’ त्या लांब सुराच्या अंगावरच पडला होता. त्याला कापायचं तर सूरही कापला जाणार. प्रज्ञाने तिच्या कोण्या मित्राला फोन लावून विचारलं, त्यानेही तेच सांगितलं.

“मला ऐकवा,” सिस्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी हेडफोन लावले. पूर्ण ऐकलं. मग शेवट परत ऐकला. मग आणखी एकदा. 

“डॉक्टरीणबाई फार चांगल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “पण वाजवून झालं की मान हलवायच्या आणि चुका सांगायच्या. पुढे बाहेरचे पाहुणे आले, ते टाळ्या वाजवायचे, हळू, दोन बोटांनी. माझी आई दारात झाडू घेऊन उभी राहायची. तिला वाटायचं, इथे आपण तोंड उघडायचं नसतं. तिच्या मनात काय होतं ते मला कधी कळलं नाही.” त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिले. “पन्नास वर्षं मी ह्या हॉलमध्ये वाजवते, भाऊ. हा पहिला ‘वा’ आहे. काढायचा नाही.”

प्रज्ञाने नाही काढला. ते रेकॉर्डिंग आता नेटवर आहे, ‘वा’सकट. काही जाणकारांनी तिला कळवलं म्हणे, की वाजवणं अप्रतिम, पण शेवटी कोणी असंस्कृत माणूस ओरडला आहे. तो असंस्कृत माणूस मीच. माझी काही तक्रार नाही.

ऑपरेशन झालं. कप धरता येतो. करंगळी आणि शेजारचं बोट मात्र उठत नाही. होळीच्या आधी मी भेटायला गेलो, तर सिस्टरबाई हॉलमध्येच बसल्या होत्या. मोबाइलवर ते रेकॉर्डिंग लावून आम्ही दोघांनी ऐकलं. ‘वा’ आला तशा त्या म्हणाल्या, “मेश्रामभाऊ, रागावू नका. पण हा थोडा लवकर आला. शेवटचे दोन सूर बाकी होते.”

मी म्हटलं, “खरं आहे बाई. परत वाजवा, ह्या खेपेला बरोबर जागेवर देतो.” बोलून गेलो आणि जीभ चावली.

त्या उठल्या. पियानोशी जाऊन बसल्या. उजवा हात मांडीवर ठेवला, आणि डाव्या हाताने ते शेवटचे दोन सूर वाजवले. सावकाश, एकामागून एक. मग माझ्याकडे वळून वाट पाहत बसल्या.

मी तोंड उघडलं. पण ‘वा’ काही निघेना. दुसरा सूर विरून गेला, हॉल शांत झाला, तरी मी आपला तसाच, तोंड उघडं टाकून.

सिस्टरबाईंनी मान हलवली. “आता उशीर झाला,” त्या म्हणाल्या, आणि परत दोन सूर वाजवायला हात उचलला.